नॅन्सी नावाच्या दोघी

इंडियाना राज्याच्या दक्षिणेला लिंकन सिटी म्हणून लहानसे गाव आहे. तिथल्या टेकाडावर, झाडीत, नॅन्सी हँक्स लिंकनची कबर दाखवतात. ती 5 ऑक्टोबर 1818 रोजी गेली आणि नावाचा दगड उभा राहिला 1879 साली. तोवर मुलगा अब्राहम अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होऊन, गोळीला बळी पडूनही चौदा वर्षे उलटली होती. दगड बसवला तोही अदमासानेच. या मुलखातल्या रानात व्हाइट स्नेकरूट नावाचे पांढऱ्या फुलांचे रोप उगवते. गाईने ते खाल्ले की विष दुधात उतरते. त्याच दुधाने नॅन्सीचा बळी घेतला. थोडे आधी मावशी एलिझाबेथ स्पॅरो आणि तिचा नवरा याच दुखण्याने गेले होते. अशा बाईचे कूळ शोधायचे तर तिच्या नावामागे धावून भागत नाही, आजूबाजूची माणसे धुंडाळावी लागतात. 1840 पर्यंतच्या अमेरिकन जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे. घरची बाई म्हणजे वयाच्या रकान्यातला एक आकडा.

ओहायो नदीपलीकडे केंटकीत नेल्सन काउंटी आहे. इथल्या जोसेफ हँक्सने 1793 साली मृत्युपत्र केले. मुलग्यांना घोडे दिले, मुलींना कालवडी. त्यात नॅन्सी नावाच्या मुलीचीही एक कालवड आहे. 1899 साली लेखिका कॅरोलाइन हिचकॉक यांनी हीच लिंकनची आई ठरवली आणि कुळावरचा कलंक पुसला गेला असे अनेकांना वाटले. कारण लिंकनचा वकिलीतला भागीदार हर्नडन याने 1889 च्या चरित्रात वेगळेच लिहिले होते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आई ल्यूसी हँक्सची अनौरस मुलगी असल्याचे लिंकननेच त्याला सांगितले होते. आता हर्नडनची साक्ष म्हणजे अनेक वर्षांनी आठवून लिहिलेले संभाषण, त्यावर शंका घेणे रास्तच. पण नुसत्या नावसाधर्म्यावर उभारलेली वंशावळ त्याहून कच्ची. मृत्युपत्रातली नॅन्सी ही ल्यूसीची बहीण, म्हणजे लिंकनच्या आईची मावशी. ल्यूसीचे नाव मात्र त्या मृत्युपत्रात नाहीच. (लिंकनने हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून आपल्याकडे भिंतीभिंतीवर टांगलेले पत्र त्याचेच असल्याचा पुरावाही नाही. सोयीचा कागद आपण फारसा तपासत नाही.)

2015 मध्ये मायटोकाँड्रियल डीएनएच्या तपासणीने ल्यूसीच्या बाजूने कौल दिला. मग जुन्या दप्तरांची गरजच काय, असे कोणी म्हणेल. पण हा डीएनए आईकडूनच मुलांत उतरतो. तपासायच्या आजच्या व्यक्ती ल्यूसीच्या आणि तिच्या बहिणींच्या लेकी-नातींतून शोधाव्या लागल्या, आणि तो माग कागदांतूनच निघाला. मृत बाईचे खासगी कशाला उकरायचे, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र तिला दुसऱ्याच बाईच्या नावावर खपवण्यात तिचा मान कसा राहिला? नॅन्सीचा बाप कोण, हे या डीएनएतून कळत नाही. वंशावळीतला तो रकाना कोराच ठेवला पाहिजे.