ए समरी

मराठी रहस्यकथा जंगलात फारशी रमली नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचे नायक झुंझार आणि काळापहाड वावरले ते मुख्यतः मुंबईत. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या एखाद्या जुन्या, न उलगडलेल्या खुनावर कुणी कादंबरी रचणार असेल, तर ही टिपणं त्याच्या हवाली.

*

साल १९७९ धरावं, दोन कारणांनी. गडचिरोली तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे आज कागद हुडकायला निघालेल्या माणसाला आधी ठरवावं लागेल, दप्तर शोधायचं कुठल्या जिल्ह्यात. दुसरं कारण असं, की सिरोंच्याच्या बाजूने नक्षलवादी आले ते १९८० च्या सुमारास. त्यानंतरच्या प्रेताशेजारी ‘खबऱ्या’ म्हणून चिठ्ठी टाकली की खुन्याचं काम भागतं. १९७९ च्या खुन्याला ही सोय नाही. त्याला डोकं चालवावं लागेल.

*

पुरावा नसल्याने तपास थंडावतो, असं आपण वाचत आलो. इथे त्याच्या आधीचीच पायरी निसटू शकते: खून हा खून म्हणून कागदावर येतच नाही. साप चावला, वीज पडली, मोहाची दारू जास्त झाली आणि नाल्यात गेला. आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचांचे अंगठे, मिटलं. गुन्हा नोंदलाच आणि आरोपी हाती लागला नाही, तर अहवाल जातो ‘ए समरी’ म्हणून. गुन्हा खरा, करणारा अज्ञात. कादंबरीला याहून चांगलं नाव मला तरी सुचत नाही.

*

वाघ वापरायचा तर जपून. वाघाने मारलेल्याच्या वारसांना आता २५ लाखांपर्यंत भरपाई आहे, त्यामुळे आजच्या कथेत हा हेतूसुद्धा होऊ शकतो. पण वाघ स्वतःचे पुरावे ठेवून जातो. मानेवर सुळ्यांची भोकं, फरफटीचा पट्टा, मऊ मातीत पगमार्क. आता लाळेचा डीएनएही निघतो. १९७९ च्या पंचनाम्यात मात्र एवढंच असू द्यावं: ‘प्रेत पालथे, डावी चप्पल पायात, उजवी अकरा पावलांवर बांबूच्या रांजीत, टाच गावाकडे.’ फरफटत नेलेल्या माणसाची चप्पल अशी नीट पडत नाही. पंचांपैकी एकाला हे दिसलं होतं आणि तो बोलला नाही, इथून खरी कादंबरी सुरू होते.

*

कल्पनेला लाजवेल असं प्रकरण अहेरी तालुक्यातल्या महागावात घडलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये वीसेक दिवसांत एकाच कुटुंबातले पाच जण गेले. आधी वाटलं, अन्नातून विषबाधा. पुढे नात्यातल्याच दोघींना अटक झाली. पोलिसांचा आरोप थॅलियम दिल्याचा. रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि लक्षणं भलत्याच आजाराची. ॲगाथा ख्रिस्तीने १९६१ च्या ‘द पेल हॉर्स’मध्ये हेच विष वापरलं होतं. १९७७ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात ते पुस्तक वाचत असलेल्या परिचारिकेने आजारी मुलीची गळते केस पाहून थॅलियमचा संशय घेतला, आणि पोर वाचलं. रहस्यकथा वाचणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे ऐकवावं.

*

गावाच्या गप्प बसण्यावर लिहिताना मोह आवरा. ‘गूढ आदिवासी’ हा फार स्वस्त माल आहे. एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात मे २०२४ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष यांना जाळून मारलं. अटक १५ जणांना. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. त्यात गूढ काही नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. अशा गावात हेराने ‘कोणी मारलं’ विचारू नये; ‘पहिल्यांदा संशय कुणी बोलून दाखवला’ हे विचारावं, आणि त्या माणसाच्या शेताची हद्द पाहावी.

*

खून मे महिन्यात, तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर. ७० पानांच्या पुड्यांचा हिशेब, हातात रोख, बाहेरगावचे मुनीम, ठेकेदाराची माणसं. उलगडा पावसाळ्यात, भामरागडला. पर्लकोटा नदीला पूर आला की वाट बंद. मग कुणी येत नाही, कुणी जात नाही. बंद खोलीतल्या खुनासाठी बंगला बांधायची गरजच उरत नाही.

*

एक तांत्रिक बाब. खुनाच्या खटल्याला मुदत नाही, त्यामुळे १९७९ ची फाइल आजही उघडता येते. पण भारतीय न्याय संहिता लागू झाली १ जुलै २०२४ पासून. त्याआधीच्या खुनाला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ च लागतं. तिथे नवं कलम १०३ लिहिलंत, तर चंद्रपूरचा कुठलाही वकील पुस्तक त्याच पानावर मिटेल.