उष्णतेची वाट

मोटारीच्या सौंदर्याविषयी जे काही लिहिले जाते त्यात रेडिएटरला जागा नसते. बॉनेटची रेषा, चाकांची ठेवण, इंजिनाचा सूर ह्यांवर रसिक भरभरून बोलतात; पुढच्या जाळीमागे उभ्या असलेल्या, धुळीने आणि मेलेल्या किड्यांनी माखलेल्या त्या चौकटीकडे लक्ष जाते ते ती गळू लागल्यावरच. वास्तविक, मोटारीच्या ऊर्जेचा ताळेबंद मांडला तर तिचे महत्त्व सहज ध्यानात येते. जळणाऱ्या पेट्रोलमधून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाव ते एकतृतीयांश हिस्साच चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता गरम वायूंबरोबर आणि रेडिएटरमधून हवेत जाते. ती वेळेवर गेली नाही, तर जो हिस्सा कामी येतो तोही फार काळ येत नाही.

विल्हेल्म मायबाखला हे पक्के ठाऊक होते. १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीज मोटारीसाठी त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या ८०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांमधून वारा जाई आणि नळ्यांच्या फटींतून पाणी. एवढ्या रचनेने आधीच्या गाडीला लागणारे पाणी निम्म्यावर, म्हणजे नऊ लिटरवर आले. पाणी वाढवण्याऐवजी पाण्याचा वाऱ्याशी संपर्क वाढवायचा, ही ती कल्पना. त्यानंतर धातू बदलले, आकार बदलले. कल्पना तीच राहिली.

माझ्याकडे १९९२ सालची माझदा मिआटा आहे. शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात १९८९ साली प्रथम दिसलेली ही छोटी, उघड्या टपाची, दोन आसनांची गाडी. डोळे मिटावेत तसे तिचे दिवे बॉनेटमध्ये मिटतात. वजन जेमतेम हजार किलो, इंजिन १.६ लिटरचे. जुनी मिआटा पाहायला आलेला जाणकार बॉनेट उघडले की आधी इंजिन पाहत नाही, रेडिएटरच्या वरच्या टाकीचा रंग पाहतो. ह्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात आणि नव्या असताना काळ्याभोर दिसतात. वर्षानुवर्षे गरम कूलंट पिऊन त्या तपकिरी आणि मग हिरवट होतात. तो रंग म्हणजे नायलॉन ठिसूळ झाल्याची खूण. एखाद्या दिवशी, जिथे ॲल्युमिनियमची कड दुमडून टाकी बसवलेली असते तिथे, केसासारखी चीर पडते. ह्यात दोष कुणाचा नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत जवळपास सगळ्याच कंपन्यांनी हीच रचना स्वीकारली, आणि तीस वर्षांची सेवा ही काही थोडी नव्हे. माझ्या गाडीच्या टाकीचा रंग शेवाळी झाला होता.

आता प्रश्न असा की बदली काय बसवायचे? एक मार्ग होता मूळच्याच घडणीची नवी प्रत आणण्याचा. दुसरा, संपूर्ण ॲल्युमिनियमचा, टाक्यांसकट वेल्डिंग केलेला, बाहेरच्या कारखान्यातला रेडिएटर बसवण्याचा. जुन्या गाड्यांच्या संग्राहकांत अस्सलपणाला मोठी किंमत असते. त्यांच्या लेखी प्रत्येक परका भाग हा वस्तूच्या चरित्रातला प्रक्षेप. पोथीच्या संशोधकाने मूळ संहितेसाठी जीव टाकावा तसा हा आग्रह आहे आणि मला तो समजतो. परंतु वापरात असलेल्या वस्तूच्या बाबतीत अस्सलपणाहून मोठा एक गुण आहे असे मला वाटते. तो म्हणजे दुरुस्त होऊ शकण्याचा.

ह्या मताचे मूळ साताऱ्यात आहे. आमच्या घरी फियाट होती, आणि उन्हाळ्यात खंबाटकीचा घाट चढताना ती हमखास तापायची. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेत आमचीही उभी राहायची. ओले गोणपाट झाकणावर टाकून वाफेची वाट पाहणे हा प्रवासाचाच भाग होता. रेडिएटर गळू लागला की वडील तो उतरवून एका मिस्त्रींकडे नेत. ते जमिनीवर उकिडवे बसून काम करीत. रेडिएटरची तोंडे बंद करून तो पाण्याच्या हौदात बुडवायचा, आत हवा भरायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. मग ती जागा घासायची, नवसागर लावायचा आणि कथलाचा डाग द्यायचा. तांब्यापितळेचा तो रेडिएटर माझ्या आठवणीत चार वेळा तरी त्यांच्या हाताखालून गेला आणि दर वेळी घरी परतला.

आठवणीत आणखी एक गोष्ट राहिली आहे. मिस्त्री वडिलांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे असतील. वडील त्यांना म्हणत, "अरे, संध्याकाळपर्यंत होईल ना?" ते वर न पाहता म्हणत, "हुतंय की सायेब." वडील स्वभावाने सौम्य, घरी येणाऱ्या कारकुनालाही ते अहोजाहो करीत. पण ज्याचे हात काळे आहेत त्याला अरेतुरे, हा नियम त्यांनी केलेला नव्हता, त्यांना तो मिळालेला होता. त्यांना मी काका म्हणावे असे कुणाच्या मनातही आले नाही. आमच्या शिक्षित वर्गाने विद्या जवळ ठेवली आणि हुन्नर दुसऱ्याकडे सोपवला. सोपवताना त्या हुन्नरात विद्या असते हे मात्र तो विसरला.

प्लॅस्टिकच्या टाकीला डाग देता येत नाही. उष्णता वाहून नेण्यात तांबे ॲल्युमिनियमहून सरस असूनही ॲल्युमिनियम जिंकले ते हलकेपणामुळे आणि किमतीमुळे. त्याबरोबर दुमडून बसवलेल्या टाक्या आल्या आणि गळका रेडिएटर फेकून देण्याची वस्तू झाला. संपूर्ण धातूचा नवा रेडिएटर निवडताना माझ्या मनात हा विचार होता. तो फुटला तर कुशल वेल्डर त्याला सांधू शकेल. मूळचा नसलेला हा भाग मला म्हणूनच फियाटच्या कुळातला वाटला.

कामाला दोन सुट्ट्या लागल्या. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, पोटाखालचा प्लॅस्टिकचा पत्रा काढला, कूलंट पसरट भांड्यात उतरवले. ते चवीला गोड आणि विषारी असते. कुत्र्यामांजरांनी चाटले तर जिवावर बेतते, म्हणून ते लगेच झाकून ठेवावे लागते. नळ्या सोडवल्या, दोन्ही पंखे उतरवले. नव्या रेडिएटरवर पंख्यांची भोके दोन मिलिमीटरने चुकीच्या जागी निघाली. बाहेरच्या बनावटीच्या भागांत हे असतेच. कानस घेऊन भोके लांबट केली. सोळा वर्षांची माझी मुलगी विजेरी धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, हे दुकानात का देत नाही?"

तिला उत्तर देण्याआधी आणखी एक काम उरले होते, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. जाड रेडिएटर बसवला म्हणजे गाडी थंड राहील हा समज अर्धा खरा आहे. पृष्ठभाग वाढतो तसा वाऱ्याला होणारा अडथळाही वाढतो. त्याच्या कडेला फट राहिली, तर वारा रेडिएटरमधून न जाता फटीतून निघून जातो; सोपी वाट असताना तो अवघड वाटेला लागत नाही. म्हणून चौकटीभोवतीच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या आणि पोटाखालचा पत्रा आठवणीने परत बसवला. तो नसला तरीही वाऱ्याची वाट बिघडते. शिवाय इंजिनाचे रोजचे तापमान रेडिएटर ठरवीत नाही, थर्मोस्टॅट ठरवतो. रेडिएटरच्या थोरवीचा उपयोग होतो तो घाटात, भर उन्हात, थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यानंतर. रोजच्या रस्त्यावर ती दिसत नाही. ती राखीव असते.

मग गाडीचे नाक उंच करून, झाकण उघडे ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन चालू ठेवले. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येऊ लागली. बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहणे हेच काम. साताऱ्याच्या हौदात बुडबुडा गळती दाखवी, इथे तो पोकळी दाखवत होता. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याला धीर लागतो.

मुलीला मी काय सांगितले? आधी खरे ते सांगितले, की कॅलिफोर्नियात मजुरी महाग आहे. अमेरिकेतल्या श्रमप्रतिष्ठेचे आपण जे कौतुक करतो त्यामागे हे साधे गणितही असते. आणि माझे हे काम म्हणजे छंद आहे, पोट नव्हे. मी गादीच्या चटईवर आडवा पडतो, कंटाळलो तर उठतो. मिस्त्रींना उठता येत नव्हते. हात काळे केल्याने मी त्यांच्या पंगतीत बसत नाही. एवढेच झाले, की ते वर न पाहता का बोलत ते मला कळले. बुडबुड्यावरून नजर हटली की जागा हरवते.

ऑगस्टमध्ये आम्ही लॉस एंजेलिसला गेलो. मध्य खोऱ्याच्या उन्हातून इंटरस्टेट ५ तेहोन खिंडीकडे चढू लागतो. १२६० मीटर उंचीच्या त्या चढावर, गाडी तापू नये म्हणून वातानुकूलन बंद करा, अशा पाट्या लागतात. आम्ही ते बंद केले. कडेला दोन गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या. आमचा काटा चढावर किंचित हलला आणि माथ्यावर पुन्हा जागेवर आला.

हा रेडिएटरही केव्हातरी गळेल. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये कालांतराने संपतात, आणि ॲल्युमिनियमही झिजते. तेव्हा तो सांधता येईल, पण सांधणारा सापडेल का, हे मला आज सांगता येत नाही. मुलीला मात्र एवढे सांगून ठेवले आहे, की असा माणूस भेटला तर त्याला आधी अहो म्हणावे, आणि मग गळती कुठे आहे ते विचारावे.