चेंडूची दहा सेकंदांची गोष्ट
संगणकावरच्या ॲनिमेशनचा पहिला धडा बहुधा उसळत्या चेंडूचा असतो. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक गोल, एक जमीन आणि खालची टाइमलाइन पुरते. चेंडू वर असताना एक कीफ्रेम, म्हणजे आपण स्वतः ठरवलेली फ्रेम, टेकताना दुसरी, पुन्हा वर गेल्यावर तिसरी. मधल्या फ्रेम संगणक भरतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांना २४० लागतात, पण शिकणाऱ्याला त्यांतल्या मोजक्याच ठरवाव्या लागतात.

मात्र अशा भरलेल्या फ्रेम चालवून पाहिल्या की चेंडू पाण्यात तरंगल्यासारखा हलतो. ब्लेंडर दोन कीफ्रेम गुळगुळीत वक्राने जोडतो, त्यामुळे जमिनीजवळ चेंडू मंदावतो. खरे तर त्याचा वेग तिथेच सर्वाधिक हवा. ग्राफ एडिटरमध्ये वक्राचा तळ टोकदार केला आणि माथा गोलसर ठेवला की चेंडूला वजन येते. टेकताना तो किंचित चपटा करायचा, पण तेवढाच रुंदही करायचा, नाहीतर तो आक्रसलेला दिसतो. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांच्या १९८१ च्या ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या पुस्तकातल्या बारा तत्त्वांपैकी हे पहिले.

वजन आले म्हणून गोष्ट होत नाही. चेंडूला कुठेतरी जायचे असावे लागते आणि वाटेत काहीतरी आडवे यावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या गोष्टीला जिन्याची एक पायरी पुरली: चेंडू कडेपर्यंत येतो, थांबतो, उडी घेतो. थांबा सहा फ्रेमचा ठेवला तर तो जाणवतच नाही. वीसेक फ्रेमचा ठेवला आणि त्यात चेंडू जरा मागे कलला, की तो बिचकला हे बघणाऱ्याला लगेच उमगते. नवशिक्याचा हात हालचाल वाढवण्याकडे धावतो. छोट्या गोष्टीत बोलतो तो थांबा, आणि सगळ्यात जास्त मेहनत त्यावरच घ्यायला हवी.

पिक्सारची १९८६ ची ‘लक्सो ज्युनियर’ ही जेमतेम दोन मिनिटांची फिल्म याचसाठी एकेक फ्रेम थांबवून पाहावी. तिच्यात मुख्यतः दोन टेबललँप आणि एक चेंडू आहे. चेहरा नाही, संवाद नाही. धाकट्या दिव्याच्या उड्यांनी चेंडूतली हवा जाते आणि दिव्याची मान खाली जाते. सगळे वाईट वाटणे त्या मानेच्या संथपणात आहे.

आवाज शेवटी, टप्प्याच्या नेमक्या फ्रेमवर बसवायचा. रेंडर, म्हणजे संगणकाने बनवलेले अंतिम दृश्य, थेट व्हिडिओत न काढता सुट्या चित्रांत काढावे. मध्येच वीज गेली तरी उरलेल्या फ्रेमपासून काम पुढे नेता येते.