चपलेचा बेडूक

जयपूरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत एक टेबल आहे, एक लॅपटॉप आहे आणि टेबलाच्या कोपऱ्यात एक बेडूक आहे. जुन्या हिरव्या हवाई चपलेपासून बनवलेला. घरमालकीणबाईंनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या दारातूनच मागे फिरल्या होत्या!

मी कंटेंट रायटर आहे. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि नोकरीसाठी इथे आले. कधी गाद्यांवर लिहायचं, कधी केसांच्या तेलावर. मार्चमध्ये एक वेगळंच काम आलं. अमेरिकेतल्या बास माशासाठी पाण्यावर तरंगणारी बेडकाची ‘फ्लाय’ कशी बांधायची, ते सोप्या भाषेत लिहायचं होतं. फ्लाय म्हणजे गळावर दोऱ्याने केस, पिसं किंवा फोम बांधून केलेलं खोटं आमिष. तिकडे हा छंद जुना आहे. डॉ. जेम्स हेन्शल यांनी तर 1881 मध्ये बासवर एक अख्खं पुस्तकच लिहिलं होतं.

वाचता वाचता मला आमचा तलाव आठवला. आणि आबाजी.

माझे आजोबा भंडारा जिल्ह्यात साकोलीकडच्या एका गावात राहतात. निवृत्त मास्तर. तिकडे गावोगावी मामा तलाव आहेत. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी! आबाजी पावसाळ्यात तिथे बांबूची काठी घेऊन मरळ धरायला बसायचे. मरळ आपल्याकडची बासच म्हणा ना. कमळाच्या पानांखाली दबा धरून बसते आणि वरून बेडूक पोहत गेला की झडप घालते. तिला पाण्याबाहेरची हवाही घ्यावी लागते, म्हणून ती सारखी वर येते.

मी आठ वर्षांची असताना आबाजी मला पहिल्यांदा सोबत घेऊन गेले. त्यांनी डब्यातून एक छोटा बेडूक काढला आणि जिवंतच गळाला लावला. बेडूक पाय झाडत होता. मी भोकाड पसरलं.

“काहून रडतेस व?”

“त्याला दुखतंय!”

आबाजी काही बोलले नाहीत. त्या दिवशी मरळ मिळाली, पण रात्री मी ताटाला हात लावला नाही. नंतर मी गावी असले की आबाजी तलावावर जात नसत. मला ते कळत होतं, त्यांनाही माझं कळत असावं. पण तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

गेली दोन वर्षं त्यांचे हात थरथरतात. फोनवर एकदा सहज म्हणाले, “आता बेडूक धरवत नाही व हातात.” म्हणजे तलाव सुटला. मार्चमधलं ते काम करताना हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग ठरवलं, नुसतं लिहायचं नाही, बांधूनच बघायचं.

तिकडे बेडकाचं अंग हरणाच्या केसांचं करतात. आपल्याकडे हरणांना कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा तो प्रश्नच नव्हता. चपलेचा तळ मात्र हलका असतो आणि पाण्यावर तरंगतो. त्यातून बोटाच्या पेराएवढा तुकडा कापला. गळाच्या दांडीवर आधी दोरा गच्च गुंडाळला, म्हणजे फोम गोल फिरत नाही. पायांसाठी रबरबँड घेतले आणि गुडघ्याच्या जागी एकेक गाठ मारली. डोळ्यांना बापू बाजारातले दोन काळे मणी लावले. पोटाला पांढरा फोम चिकटवला, कारण मासा बेडकाला खालून पाहतो. पाठीचा रंग आपल्या समाधानासाठी! शेवटी गळाच्या टोकापुढे जाड नायलॉनची एक कमान बांधली, म्हणजे गळ गवतात अडकत नाही.

आता पाणी कुठून आणायचं? इथल्या रामगढ तलावात 1982 च्या आशियाई खेळांच्या नौकानयन स्पर्धा झाल्या होत्या. पुढे तो तलावच आटला. माझा तलाव म्हणजे बाथरूममधली बादली. पहिला बेडूक पाण्यात टाकताच उलटा झाला आणि पोट वर करून तरंगू लागला. दुसऱ्याचे पायच सुटले. तिसऱ्यात सगळा फोम दांडीच्या वर ठेवला, त्यामुळे गळाचं वजन खाली राहिलं. तो सरळ बसला. तोंड सपाट कापलं होतं, म्हणून दोरा ओढला की ‘डुब’ असा आवाज यायचा. घरमालकीणबाईंचा मुलगा त्याच्याशी तासभर खेळला.

जुलैमध्ये गावी गेले. बेडूक आबाजींच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटून पाहिला, गुडघ्याच्या गाठी चाचपल्या आणि उठून काठी शोधायला गेले.

तलावावर मीच दोरा बांधला. आबाजींनी पानांच्या मधल्या मोकळ्या जागेत बेडूक अलगद सोडला. त्यांचा हात थरथरत होता, आणि त्या थरथरीने बेडूक असा काही हलत होता, की बादलीत मला ते कधी जमलं नव्हतं! मी श्वास रोखून बघत होते. एवढ्यात त्यांनी झटकन काठी वर उचलली.

“काय झालं?”

त्यांनी बोट दाखवलं. पानांजवळ पाणी लालसर दिसत होतं. शेकडो इवले मासे एका झुबक्यात वर-खाली होत होते.

“लेकरं हायेत मरळीची. खाली मायबाप राखण करत असतील. आता बेडूक टाकला तर भूक नसतानाही धावून येतील. त्याहिले धरलं, तर लेकरं कोणाच्या भरवशावर?”

मी बेडकाला वाचवायला निघाले होते. मरळीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

आम्ही बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे अर्ध्या तासाने पाणी एकदम फुटलं, बेडूक आत ओढला गेला आणि क्षणात पुन्हा वर आला. मरळ निसटली होती. आबाजी कितीतरी वेळ हसत होते.

परतताना ते म्हणाले, “तवा तू रडलीस ना, मलाही रात्रभर झोप नव्हती आली.”

सतरा वर्षांनी ते हे बोलले. मी काही न बोलता त्यांच्या हातातली काठी घेतली.

घराच्या पायरीवर ते थांबले. “पाय लहान झाले व याचे. पुढच्या वेळी जरा लांब कर.”

टेबलावरचा हा बेडूक त्यासाठीच. आबाजींचा तिकडे त्यांच्या खुंटीवर आहे. याचे पाय लांब आहेत. भाद्रपद सरला, मरळीची लेकरं मोठी झाली की घेऊन जाणार आहे.