अर्लच्या धडका

ह्यूस्टनमध्ये गुडघा बदललेल्या सत्तरीच्या माणसाला पाय वाकवायला लावायचा असेल, तर त्याच्यापाशी अर्ल कॅम्पबेलचा विषय काढावा. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. मी मूळची मिरजेची, दवाखान्यांच्या गावातली. फिजिओथेरपी तिकडेच शिकले, लग्न होऊन टेक्सासला आले, इथल्या परीक्षा दिल्या, आणि तेव्हापासून लोकांचे गुडघे, खुबे आणि मणके हेच माझं काम. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे फार वाईट असतात. सांधा सुजलेला असतो, टाके ओढतात आणि मी आपली टाच मागे घ्या, अजून थोडी मागे घ्या, म्हणून मागे लागलेली असते. अशा वेळी माणूस बोलता राहिला तर दुखणं निभावून नेतो. प्रत्येकाचा बोलण्याचा विषय वेगळा असतो, पण १९७८ ते १९८० या काळात जे या शहरात तरुण होते, त्यांचा विषय ठरलेला आहे.

सुरुवातीला मला अमेरिकन फुटबॉल कळत नव्हता. तो पेशंटांनीच मला शिकवला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं; गेलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू लांब फेकता येतो, किंवा एकाच्या पोटाशी देऊन पळवता येतो. तो पळणारा म्हणजे रनिंग बॅक. बरेचसे रनिंग बॅक फट शोधतात, हुलकावणी देतात, कडेनं निसटतात. अर्ल हा ह्यूस्टनच्या ऑइलर्स संघाचा रनिंग बॅक. त्याला फट मिळाली नाही तर तो समोरच्याच्या अंगावरून जायचा. शाळेत मी कबड्डी खेळले आहे. चढाईला आलेल्या मुलीला चौघींनी धरलंय आणि ती त्या चौघींना ओढत मध्यरेषेकडे निघालीय, हे ज्यानं पाहिलंय त्याला अर्लचा खेळ सांगायला लागत नाही. फरक एवढाच, की हा गडी शंभर किलोच्या वर, मांडीचा घेर चौतीस इंच, आणि धडक देण्याआधी पुरत्या वेगात आलेला असायचा.

माझ्याकडे येणारे एक आजोबा ह्यूस्टनलगतच्या पासाडीनाचे आहेत. शिप चॅनलच्या काठच्या रिफायनरीत त्यांचा जन्म गेला. त्यांची आवडती धडक म्हणजे आयझाया रॉबर्टसनची. १९७८ सालचा, लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धचा सामना. अर्लचं ते व्यावसायिक फुटबॉलमधलं पहिलंच वर्ष, आणि रॉबर्टसन त्या काळचा नावाजलेला लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू. आजोबा ती धडक हातांनी दाखवतात. आडवे पडलेले असले तरी कोपरावर उठून दाखवतात, मला त्यांना पुन्हा झोपवावं लागतं. मग आम्ही टॅबलेटवर ती चित्रफीत लावतो. रॉबर्टसन अर्लच्या वाटेत उभा ठाकतो. अर्ल बाजूला होत नाही. डोकं खाली घालतो आणि हेल्मेट रॉबर्टसनच्या छातीच्या मधोमध घालतो. रॉबर्टसन मागच्या मागे उलथा होतो आणि अर्ल त्याच चालीत पुढे. मग इतर खेळाडू त्याला मागून लोंबकळतात, त्यांच्या हातात जर्सी येते, ती टराटरा फाटते आणि अर्ल खांद्यांचे पॅड उघडे टाकून तसाच धावत राहतो. कॅन्सस किंवा कॅलिफोर्नियातला माणूस इथे थांबून वा म्हणेल. आजोबा मात्र पुढची गोष्ट सांगतातच: त्या काळी ओढली की फाटेल अशीच जर्सी मुद्दाम घालायचे, म्हणजे पकडणाऱ्याच्या हाती नुसतं कापड लागावं; पुढच्याच वर्षी लीगनं तसल्या जर्सींवर बंदी आणली. आणि तो सामना आपण हरलो, हेही ते सांगतात. हरल्याचं त्यांना काही वाटत नाही. रॉबर्टसन पडला ना, बस.

मला आधी या बोलण्याचा त्रास व्हायचा. दिवसभर मोडकी शरीरं उभी करायची आणि त्याच वेळी एका माणसानं दुसऱ्याला कसं लोळवलं याची वर्णनं ऐकायची, हे मनाला पटत नसे. पण ऐकता ऐकता लक्षात आलं, की ही मंडळी रॉबर्टसनच्या पडण्यापेक्षा अर्लच्या न पडण्याबद्दल जास्त बोलतात. हे शहर तेव्हा तेलाच्या भरभराटीत होतं, देशभरातून माणसं कामाला येत होती, पण ह्यूस्टनचं नाव मोठ्या शहरांत कुणी घेत नव्हतं. ऑइलर्स वर्षानुवर्षं मार खाणारा संघ. आणि तिथे पूर्व टेक्सासातल्या टायलर नावाच्या गावातून, गुलाबाच्या मळ्यांत राबलेल्या अकरा भावंडांच्या घरातून, हा मुलगा आला. वडील लहानपणीच गेलेले, आईनं सगळ्यांना वाढवलं. टेक्सास विद्यापीठाकडून खेळताना कॉलेज फुटबॉलमधली १९७७ ची हाइजमन ट्रॉफी त्यानं मिळवली, आणि नव्या खेळाडूंच्या निवडीत ऑइलर्सनी त्याला पहिल्याच क्रमांकावर घेतलं. आलेल्या पैशातून त्यानं आईला घर बांधून दिलं. इथल्या लोकांना ते घर त्याच्या यार्डांइतकंच पाठ आहे.

यार्ड तर विचारूच नका. पहिल्या वर्षी १,४५०, दुसऱ्या वर्षी १,६९७, तिसऱ्या वर्षी १,९३४. तिन्ही वर्षं लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे. प्रशिक्षक बम फिलिप्स, डोक्यावर काउबॉय हॅट घालणारे. पण संघाच्या घरच्या मैदानावर, ॲस्ट्रोडोममध्ये, छप्पर आहे आणि छपराखाली टोपी घालू नये असं आईनं शिकवलंय, म्हणून तिथे ते हॅट काढून ठेवत. सरावात अर्लला एक मैल धड पळता येत नाही, अशी कुणी तक्रार केली, तेव्हा, एक मैल जायचं शिल्लक असेल तेव्हा आम्ही त्याच्याकडे चेंडू देणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं होतं. प्रशिक्षकानं आपल्या खेळाडूची पाठराखण कशी करावी, याचा हा माझ्या मते उत्तम नमुना.

खुबा बदललेल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांची धडक वेगळी. १९७९, ओकलंड रेडर्सचा जॅक टेटम. या टेटमच्या धडकेनंच १९७८ च्या ऑगस्टमध्ये, एका सराव सामन्यात, डॅरिल स्टिंगली या खेळाडूची मान मोडली होती आणि तो जन्माचा लुळा झाला होता. मैदानातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. गोल रेषेच्या तोंडाशी टेटम धावत आला आणि अर्लही धावतच होता. दोघंही वेग कमी करत नाहीत. हेल्मेटवर हेल्मेट. अर्ल क्षणभर मागे रेलतो, त्याचे पाय अडखळतात, अंग फिरतं, आणि तो उलट्या पावलांनी रेषेपलीकडे जातो. टचडाउन. बाई म्हणतात, “तो पडला असता तर मी फुटबॉल पाहणं सोडलं असतं. स्टिंगलीनंतर मला धीरच नव्हता.”

ही चित्रफीत मी किती तरी वेळा पाहिली आहे आणि दर वेळी बाई गोल रेषेकडे पाहतात, मी मानेकडे पाहते. ताठ असलेल्या मानेला मागे एक नैसर्गिक बाक असतो. धक्का आला की तो बाक आणि भोवतीचे स्नायू मिळून जोर वाटून घेतात. डोकं खाली घातलं की हा बाक नाहीसा होतो, मानेचे मणके एका रेषेत येतात आणि टाळूवर बसलेला सगळा जोर सरळ त्या मणक्यांच्या रांगेतून खाली उतरतो. शाळा-कॉलेजच्या फुटबॉलमध्ये डोक्यानं धडक देण्यावर १९७६ सालीच बंदी आली, आणि त्यानंतर मान मोडून हातपाय जाण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं. व्यावसायिक लीगला रनिंग बॅकसाठी तसा नियम करायला २०१३ उजाडलं: मोकळ्या जागेत चेंडू घेऊन पळणाऱ्यानं हेल्मेटच्या टाळूनं धडक द्यायची नाही. रॉबर्टसनवरची ती धडक आज कुणी दिली, तर पंचांचा पिवळा रुमाल पडायलाच हवा.

पासाडीनाच्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले. “म्हणजे आता अर्ल खेळूच शकला नसता?” मी म्हटलं, “खेळला असता, आणि कदाचित चालतही असता.” ते गप्प झाले. मला ते बोलल्याचा पश्चात्ताप नाही. कारण अर्लचं पुढे काय झालं, हे या शहरात सगळ्यांना माहीत आहे, पण धडकांच्या गप्पांत ते येत नाही, आणि ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं. पहिल्या तीन वर्षांत त्यानं चेंडू १,०४३ वेळा पळवला. कारकिर्दीत २,१८७ वेळा. यातली जवळजवळ प्रत्येक धाव कुणी तरी आदळूनच संपते, बहुतेकदा एकापेक्षा जास्त जण. ॲस्ट्रोडोमचं मैदान म्हणजे कृत्रिम गवत. १९८४ मध्ये ऑइलर्सनी त्याला न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकलं, तिथे बम फिलिप्स होतेच, पण पायांतला जोर ओसरला होता. १९८६ चा हंगाम सुरू व्हायच्या आधी तो थांबला, तेव्हा एकतीस वर्षांचा होता. मग संधिवात, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया, मणक्यातली पोकळी अरुंद होऊन दबणाऱ्या नसा. वेदनाशामक गोळ्यांची सवय लागली, त्यातून तो उपचार घेऊन बाहेर आला, आणि हे सगळं त्यानं लपवलं नाही. मधल्या काळात लोकांनी त्याला वॉकर घेऊन, कधी व्हीलचेअरवर समारंभांना आलेलं पाहिलं. पन्नाशीत. माझ्याकडे येणारे त्याचे चाहते त्या वयात गोल्फ खेळत होते.

त्याचे गुडघे, कंबर, मान यांची कल्पना मला पेशावरून करता येते. अशा माणसाला सकाळी खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळावं लागतं, मग कोपर टेकून पाय खाली सोडायचे, मग थांबायचं, कारण पायांत मुंग्या येतात आणि जमीन पायाखाली आहे की नाही ते कळत नाही. मी हेच रोज लोकांना शिकवते. म्हणून रॉबर्टसनची चित्रफीत लावली की मला तो फाटलेल्या जर्सीतला तेवीस वर्षांचा पोरगा दिसतो आणि त्याची ती खाटेवरची सकाळही दिसते. दोन्ही एकदम.

तरीही या गप्पा बंद व्हाव्यात असं मला आता वाटत नाही. या लोकांकडे दुसरं उरलंय काय? १९९७ मध्ये मालकांनी संघ उचलून टेनेसीला नेला. पुढे नावही बदललं, आणि अर्लच्या यार्डांसकट सगळे विक्रम त्या दुसऱ्या शहराच्या संघाच्या खात्यावर गेले. ॲस्ट्रोडोम रिकामा उभा आहे. त्याचं काय करायचं यावर मतदानसुद्धा झालं, पण निकाल लागत नाही. शिक्षिका बाई १९७९ च्या जानेवारीत तिथे गेल्या होत्या. पिट्सबर्गच्या गारठ्यात आणि पावसात संघ ३४-५ असा धुतला गेला होता, आणि त्याच रात्री परत येणाऱ्या खेळाडूंची वाट पाहत सुमारे पन्नास हजार माणसं ॲस्ट्रोडोममध्ये बसून होती. हरून येणाऱ्यांसाठी! खेळाडू बसमधून उतरून आत आले तेव्हा आपण इतकं ओरडलो की दुसऱ्या दिवशी वर्गात आवाजच फुटेना, असं त्या सांगतात. त्या रात्रीची आठवण त्यांच्यासारख्यांच्या तोंडी आहे. ऑइलर्सचं जे काही ह्यूस्टनमध्ये राहिलं, ते असं सांगण्यातच राहिलं.

मला स्वतःला विचाराल तर माझी आवडती धाव या दोन्हींपैकी नाही. २० नोव्हेंबर १९७८, सोमवारची रात्र, मायामी डॉल्फिन्सविरुद्ध. साऱ्या स्टेडियमभर निळ्या-पांढऱ्या झिरमिळ्या हलत होत्या. सामना संपत आलेला, आणि अर्ल चेंडू घेऊन कडेनं सुटला तो थेट ८१ यार्ड. त्या रात्रीचं त्याचं चौथं टचडाउन. मागून पाठलाग करणारे मागेच राहतात, कुणी त्याला आडवं पाडत नाही. मान ताठ, पाठ सरळ, पावलं लांब. एवढ्या वजनाचं शरीर इतकं डौलात धावू शकतं हे बघताना माझ्या अंगावर काटा येतो. गेल्या आठवड्यात मी आजोबांना तीच लावून दाखवली आणि म्हटलं, “बघा, कुणालाही धडक न देता.”

आजोबांनी टाच खसकन मागे घेतली, मी सांगायच्या आधीच. “पोरी, त्या रात्री त्यानं चेंडू २८ वेळा घेतला होता. आधीचे तीन तास तो त्या लोकांना आपटत होता. शेवटी त्याच्या आड यायची कुणाची छाती होती? ती धाव तू निवांत बघतेस, पण तिचे पैसे आधीच मोजलेले होते.”

शिक्षिका बाई पलीकडच्या खाटेवर पाय उचलण्याचा व्यायाम करत होत्या. त्या म्हणाल्या, “मी तिथे होते. थकला होता तो. आम्हाला वरून दिसत होतं.” मग दोघांचं जुंपलं, की थकला असेल तर इतका पळाला कसा. आजोबा कोपरावर उठले. मी त्यांना पुन्हा झोपवलं आणि चित्रफीत पहिल्यापासून लावली.