अण्णा, शाडूचे

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मी जे मावळे केले, त्या सगळ्यांचं एकाच वेळी पोट दुखत असे. निदान चेहऱ्यावरून तरी तसं वाटे. महाराज तेवढे ठणठणीत, कारण ते विकतचे.

एवढ्या भांडवलावर, बँकेतून निवृत्त झाल्यावर मी शाडूकाम शिकायला नाव घातलं. मास्तर पेणकडचे. हयात गणपतीत गेलेली, पण फावल्या वेळात हे गृहस्थ माणसं करत. भाकरी थापणारी त्यांची म्हातारी टीचभर उंचीची, पण चुलीचा धूर तिच्या डोळ्यांत गेलेला दिसायचा. म्हटलं, आपण अण्णांचं मुख करू. अण्णा म्हणजे आमचे वडील.

शाडू दिसतो गरीब. भिजवा, कणकेसारखा मळा, खडे काढा, तरी त्याच्या मनात असेल तेच होणार. पाणी जास्त झालं की अण्णांची हनुवटी छातीवर उतरे, कमी झालं की कपाळाला भेगा. हयातीत त्यांच्या कपाळाला फक्त आठ्या पडत, त्याही बहुधा माझ्या प्रगतिपुस्तकाच्या दिवशी. नमुन्याला पेन्शनच्या कागदावरचा फोटो होता. त्यात ते, सगळेच दिसतात तसे, नुकती अटक झाल्यासारखे दिसतात. तीन आठवड्यांनी सौ. माझी कलाकृती बघून म्हणाली, "अगोबाई, मोरारजी देसाई!"

खरी पंचाईत निराळीच होती. अण्णा हसताना कसे दिसत, हेच मला आठवेना. बावीस वर्षं झाली त्यांना जाऊन. नाक आठवत होतं, दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी आठवत होती; हसू नाही. ओठांचे कोपरे वर केले की सोंगाड्या, खाली केले की वसुली अधिकारी. रात्री मातीचा गोळा हातात घेऊन मी नुसता बसून राही. कुणाला सांगायची तरी लाज.

शेवटी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, तोंड सोडा. वडील बसायचे कसे?"

मी बसून दाखवलं. कान रेडिओकडे, पंजा कानामागे, डावा पाय खुर्चीखाली दुमडलेला.

"मग हेच करा की! म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी बघा, १८९६ची. जे. जे.त शिकताना केलेली. बाई देवळाला निघालीय, हे तिच्या चालण्यावरूनच कळतं."

वीतभर अण्णा केले. आत काठी घालायची नाही, हे मास्तरांनी बजावलं होतं. सुकताना माती आक्रसते, लाकूड आक्रसत नाही, आणि माणूस उभा फुटतो. पाठीला पोक दिलं, मान पुढे काढली. चेहऱ्याला फक्त नाक आणि दोन खळगे.

सौ. चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. तिचा हात आपसूक खांद्याकडे गेला, पदर चाचपू लागला. अंगात गाऊन होता. "मामंजी!" म्हणाली नि जीभ चावली. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. चहा निवला.

रात्री मी मूर्तीवर ओलं फडकं टाकायला गेलो. माती घाईनं वाळली तर तडकते. सौ.नं हात धरला.

"ओलं कशाला घालता डोक्यावर? त्यांना लगेच सर्दी व्हायची."

मी शास्त्र समजावून सांगितलं. पटलं नाही. शेवटी तडजोड झाली. फडकं घातलं, पण कोमट पाण्यात पिळून.