पोटातलं पांढरं

गोधडी विरते ती आधी खांद्यापाशी. झोपेत माणूस तिला तिथंच धरून ओढतो. मागच्या हिवाळ्यात नागपुरात कडाक्याची थंडी पडली, तेव्हा आई गेल्यावर पहिल्यांदाच ती कपाटातून काढली. सकाळी उजेडात पाहिलं, तर लाल छिटावरच्या मोठ्या पिवळ्या फुलाच्या मधोमध रुपयाएवढं भोक पडलेलं. भोकातून आतलं पांढरं दिसत होतं.

ते पांढरं काय आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. डोळ्यांनी मात्र ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आमचं घर इंदोऱ्यात. आजा एम्प्रेस मिलमध्ये. जमशेटजी टाटांनी ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरात त्या नावाचा अर्थ भोंगा एवढाच होता. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर आज्याचा डबा निघायचा. आजा घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर कापसाची बारीक लव बसलेली असायची आणि आजी आपल्या पदरानं ती पुसायची. दिवसभर कापड विणणाऱ्या माणसाच्या घरात नवं कापड वर्षातून एकदाच यायचं. म्हणून जुनं कापड आमच्याकडे कधी संपतच नसे. लुगडं फाटलं की त्याचं परकर-पोलकं व्हायचं, परकर फाटला की दुपटं, आणि दुपटंही फाटलं की ते गोधडीच्या पोटात जायचं.

गोधडी उन्हाळ्यात शिवायची. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. दारात पाणी शिंपडलेलं, खिडकीला ओलं पोतं टांगलेलं आणि खोलीभर आंथरलेली गोधडी. आधी खालचं अख्खं लुगडं, त्यावर धोतरं, जुनी पातळं, चादरीचे तुकडे, असे पाच-सहा थर. सुरकुती राहू नये म्हणून आजी तळहातानं मधून कडेकडे सारत जायची. चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवून मोठे कच्चे टाके घालायचे. मग दोघी, आजी आणि आई, समोरासमोरच्या काठांवर बसायच्या. दोरा दोनपदरी, मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढलेला. धावदोऱ्याची एक ओळ काठाला धरून सगळीकडून फिरवायची, मग बोटभर आत दुसरी, मग तिसरी. काठाकडून सुरुवात करून मधल्या चौकापर्यंत यायचं. शिवणाऱ्या बाया शिवत शिवत गोधडीवरच सरकत जातात. दोघी पहिल्या दिवशी एकमेकींपासून लांब असायच्या आणि पंधरा-वीस दुपारींनंतर मधोमध गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असायच्या. सासू-सुनेचं त्या दिवसांत काही बिनसलेलं असलं तरी शेवटचा चौक एकत्रच शिवावा लागायचा.

वरचं तोंड आईचं काम. आईला भडक छीट आवडायचं. मोठी फुलं, कैऱ्या, पोपट, लाडवाएवढे ठिपके. गांधीबागेतून ती कटपीस आणायची, ब्लाऊज शिवून उरलेले तुकडे मोहल्ल्यातल्या टेलरकडून मागून आणायची. सगळे तुकडे आधी जमिनीवर मांडून ती स्टुलावर उभी राहायची आणि वरून बघायची. मग खाली उतरून एखादा तुकडा उचलायची. “दोन लाल शेजारी नोको बसवू. भांडतात.” लाल आणि लाल यांच्या मध्ये ती हटकून हिरवा नाहीतर काळ्यावर पांढरे ठिपके घालायची. कुठल्याही शाळेत तिनं रंग शिकले नव्हते. तिच्या गोधडीइतकं धीट रंगकाम मी आजवर कुठल्या दुकानात पाहिलेलं नाही, आणि मी खूप दुकानं पाहिली आहेत.

पोट मात्र आजीचं. त्या गोधडीच्या पोटात आजीनं तिचं दीक्षेचं लुगडं घातलं होतं.

१४ ऑक्टोबर १९५६. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानात बाबासाहेब धम्मदीक्षा घेणार, लोकांना देणार, आणि सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यायचं. आजी तेव्हा पंचविशीची असेल. सवाष्णीनं पांढरं नेसू नये, असं मानणाऱ्या जगात ती वाढलेली. आयुष्यभर काठापदराची, दाट रंगाची लुगडी नेसलेली. ती सांगायची, “बाजारात पांढरं लुगडं मिळत नव्हतं. दुकानं फिरून फिरून पाय दुखले. मंग तुह्या आज्यानं कुठून तरी आनलं.” त्या पहाटे इंदोऱ्याच्या गल्ल्यांतून माणसं निघाली, तेव्हा रस्ता दुधासारखा दिसत होता, असं ती म्हणायची. बावीस प्रतिज्ञा तिनं लाखो लोकांबरोबर मोठ्यानं म्हटल्या. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. तेच लुगडं नेसून ती त्या दिवशी दारात बसून राहिली. २० डिसेंबरला गाडगेबाबाही गेले. अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन गावोगाव खराटा फिरवणारा हा माणूस, त्याला लोक गोधडेबुवाच म्हणत. आजी या दोन्ही मरणांची गोष्ट एका दमात सांगायची.

ते लुगडं तिनं पेटीत का नाही ठेवलं, असं मी एकदा विचारलं. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे काचेआड जपून ठेवलेत, ते आम्ही शाळेतून पाहून आलो होतो, म्हणून मला तसं वाटलं असावं. आजी म्हणाली, “पेटीत ठेवलं असतं तं कसरीनं खाल्लं असतं. पोरायच्या अंगावर राह्यलं तं राह्यलं.”

पुढे वर्षावासात विहारातल्या भंतेजींनी तिला चिवराची गोष्ट सांगितली. बुद्ध राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जात असता त्यांना वाटेत मगधाची शेतं दिसली, बांधाबांधांनी कापलेली, चौकोनी. त्यांनी आनंदाला विचारलं, भिक्खूंची चीवरं अशी शिवता येतील का? आनंदानं तुकडे जोडून तशी शिवली. विनयपिटकात हे आहे. आजीला त्याचा फार आनंद झाला. घरी येऊन तिनं आईच्या छिटाच्या गोधडीवर हात फिरवला आणि म्हणाली, “हेबी वावरच व्हय.”

आईनं ही गोधडी पुढे तीनदा दुरुस्त केली. जिथं विरली तिथं नवा तुकडा. आजी गेली, आजा गेला. २००२ साली एम्प्रेस मिल कायमची बंद झाली, आज त्या जागेवर मॉल उभा आहे. घरात नायलॉनची पातळं आली, सुई त्यातून नीट जाईना. मग मऊ जाड ब्लँकेटं आली. आईनं शिवणं सोडलं नाही, पण नवी गोधडी केली नाही. हीच एक ती सांभाळत राहिली. दर दिवाळीआधी ती टबात भिजवायची, पायानं तुडवून धुवायची आणि दोघांनी धरून पिळायची. ओली गोधडी एका माणसाला उचलत नाही.

हिवाळ्याच्या रात्री दिवा मालवायच्या आधी मी कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवायची आणि आई सांगायची. हे तुह्या मोठ्या आत्याच्या बाळंतपणातलं. हे मामाच्या लग्नातल्या पडद्याचं. हे तू पहिलीत असतानाचं फ्रॉक, खिशाकडचा भाग. हे शेजारच्या काकूंनी दिलं, त्या वारल्या त्या वर्षी. कधी तिला आठवायला वेळ लागायचा, मग ती तुकडा दोन बोटांत धरून चोळायची. कापड हाताला लागलं की माणूस आठवायचं. मी हे कधी लिहून घेतलं नाही. विचारलं की उत्तर मिळायचं, त्यामुळे लिहावं असं वाटलंच नाही. आई दवाखान्यात होती ते बारा दिवसही मी तिला औषधांचं विचारत राहिले, जेवणाचं विचारत राहिले. तुकड्यांचं काही विचारलं नाही.

भोक दिसलं त्या दिवशी मी गोधडी पलंगावर पसरली आणि मोजलं. वरचे तुकडे चौऱ्याऐंशी. त्यांतले एकतीस मला सांगता आले. उरलेल्या त्रेपन्नांवर मी आईसारखं दोन बोटांनी चोळून पाहिलं. माझ्या बोटांना नुसतं कापड लागलं.

भोक बुजवायला आईचंच पातळ घ्यावं हे लगेच सुचलं, पण कात्री हातात धरवेना. तिची सुती पातळं सहाच उरलीत, अजून त्यांच्या घड्या तिनंच घातलेल्या आहेत. कितीतरी आठवडे गोधडी तशीच खुर्चीवर पडून होती. त्याच सुमारास अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंड नावाच्या वस्तीबद्दल वाचलं. तिथं कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवत आल्या. त्यांतल्या मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला, तेव्हा तिनं १९४२ साली त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर घेऊन निजता यावं म्हणून. मुलगी आर्लोन्झिया तेव्हा हाताशी होती, तिनंच पुढे हे सांगितलं. विजारींचे गुडघ्याकडचे विटके भागही त्या बाईनं टाकले नाहीत. एम्प्रेस बंद झाली त्याच २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. मी त्या गोधडीचा फोटो बराच वेळ पाहिला. निळ्या, राखाडी, मळखाऊ पट्ट्या. फोटो ठेवला आणि कपाट उघडलं.

लेकीला जवळ बसवलं. आधी तिला भोकातून बोट आत घालायला सांगितलं आणि ते लुगडं कुणाचं, कुठल्या दिवसाचं, हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “मग हे असंच दिसू दे ना?” मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण आजीनं ते अंगावर राहावं म्हणून घातलं होतं, आणि उघडं राहिलं तर दोन हिवाळ्यांत जाईल.

सुती पातळ कात्रीनं कापायचं नसतं. काठाशी बोटभर काप द्यायचा आणि दोन्ही हातांनी फाडायचं, म्हणजे सुताच्या रेषेत सरळ फाटतं. आईनं शिकवलेलं. मी हळदी रंगाचं, मोठ्या तपकिरी कैऱ्यांचं पातळ घेतलं, काप दिला आणि फाडलं. टर्रकन आवाज आला तशी लेक दचकली. वीतभर तुकडा, चारी बाजूंनी दुमड घालून, लाल छिटावर बसवला. लाल आणि हळदी भांडत नाहीत, हे आधी स्टुलावर उभं राहून पाहून घेतलं.

आता एक दोनशे पानी वही केली आहे. डावीकडे तुकड्याचं वर्णन, उजवीकडे माणूस. त्रेपन्न ठिकाणी उजवी बाजू कोरी होती. अमरावतीच्या आत्याला फोन केला होता, तिनं त्यांतले दोन ओळखले. पंच्याऐंशीवी ओळ लेकीनं तिच्या अक्षरात लिहिली: हळदी, कैऱ्यांचं, खांद्यापाशी. आजीचं पातळ.